पक्षाघातानंतर आंघोळीला नकार देणारा रुग्ण : घरी काळजी घेणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयातून घरी येतो तेव्हा डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची यादी आणि पुढच्या तपासणीची तारीख एवढे आपल्या हाती असते. त्याला आंघोळ कशी घालायची हे त्या कागदांत बहुधा नसते, आणि त्याने स्वतःच "नको" म्हणून मान फिरवली तर काय करायचे हे तर कुणीच सांगत नाही. माझ्या बाबांच्या उजव्या अंगावरून वारे गेले आणि बोलणेही जवळजवळ थांबले, तेव्हा पुण्यात कोथरूडमधल्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये हा प्रश्न रोजच उभा राहू लागला. पारोशाने देवाला हात न लावणारे, भर थंडीतही पहाटे आंघोळ उरकणारे बाबा बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला की पलंगाची कड घट्ट धरून बसायचे. फिजिओथेरपिस्ट, घरी येणाऱ्या परिचारिका आणि पगारी रुग्णसेवेच्या कामात मुरलेल्या मावशी यांच्याकडून त्या काळात जे शिकायला मिळाले, ते नव्याने या प्रसंगात सापडलेल्यांसाठी क्रमाने लिहीत आहे.

सगळ्यांत महत्त्वाचे आधी सांगते. हा नकार म्हणजे हट्ट आहे असे समजून तुम्ही पुढे गेलात, तर रोज ओढाताण होईल आणि रुग्णाचा तुमच्यावरचा विश्वास उडेल. नकारामागे बहुतेक वेळा आजारातूनच आलेले एखादे नेमके कारण असते, आणि ते सापडले की उपायही नेमका करता येतो. घरी आल्यावरची पहिली आंघोळ मात्र डॉक्टरांना विचारूनच घाला. टाके, घशातली किंवा नाकातली नळी, लघवीची नळी, वरखाली होणारा रक्तदाब यांपैकी काही असेल, तर त्यांच्या सूचना या लेखापेक्षा वरच्या समजाव्यात.

१. नकार नेमका कुठे सुरू होतो ते पाहा

"आंघोळ नको" या दोन शब्दांत अनेक वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि ज्याची वाचा गेली आहे त्याला तेवढेही सांगता येत नाही. म्हणून काही दिवस एक वही ठेवा आणि विरोध कोणत्या क्षणी सुरू होतो एवढेच टिपा : आंघोळीचे नाव काढताच, पलंगावरून उठवताना, न्हाणीघराच्या दारात, कपडे उतरवताना, की पाणी अंगाला लागताच.

पलंगावरून उठवताना किंवा दाराशी येऊन रुग्ण ताठ होत असेल, तर बहुधा ती पडण्याची भीती असते. एक पाय अंग पेलत नाही, तोल जातो, आणि समोर ओली गुळगुळीत फरशी दिसते. अशा वेळी घाबरणे अगदी स्वाभाविक आहे. हात उचलताना किंवा सदरा काढताना तो ओरडत असेल, तर खांदा दुखतो आहे असे धरून चाला. पक्षाघातानंतर दुबळ्या बाजूचा खांदा स्नायूंच्या आधाराअभावी सांध्यातून खाली सरकू शकतो आणि तो हात जरा ओढला गेला तरी तीव्र कळ येते.

कपडे उतरवण्याच्या क्षणी विरोध होत असेल, तर लाज आणि थंडी ही दोन्ही कारणे तपासा. मुलीने वडिलांना, मुलाने आईला, सुनेने सासऱ्यांना आंघोळ घालणे आपल्या घरांत सहज घडणारी गोष्ट नव्हे, आणि आजारी माणसाची लाज आजाराबरोबर संपत नाही. आयुष्यभर पदर सावरून वावरलेल्या बाईला मुलासमोर उघडे बसवले, तर ती नकार देणारच. अशा वेळी मदत करणारी व्यक्ती बदलून पाहणे हा पहिला उपाय असतो. घरात तशी व्यक्ती नसेल तर नाजूक भागांपुरती तरी बाहेरची मदत घ्या.

काही कारणे डोळ्यांना दिसत नाहीत. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली असेल, तर काही रुग्णांचे स्वतःच्या डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डावा हात धुवायचा राहिला आहे हे त्यांना जाणवत नाही, आणि आपल्याला काही झाले आहे हेही काहींना पटत नाही. काहींना हाता-पायात शक्ती असूनही कृतीचा क्रम आठवत नाही. साबण हातात दिला तर त्याचे काय करायचे ते सुचत नाही, आणि ही फजिती नको म्हणून ते आंघोळच टाळतात. डाव्या भागाला इजा झालेल्यांत वाचाघात, म्हणजे बोलणे आणि बोललेले समजणे बिघडणे, अधिक आढळतो. त्यांना तुमची लांब वाक्ये नीट कळत नसतील आणि अचानक कुणीतरी कपडे काढू लागले एवढेच त्यांच्या लक्षात येत असेल.

नाव काढताच नकार येत असेल आणि तसाच नकार जेवणाला, व्यायामाला, भेटायला आलेल्यांनाही येत असेल, तर नैराश्याचा विचार करा. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना पुढे केव्हा ना केव्हा नैराश्य येते आणि त्यावर औषधोपचार असतात. ही गोष्ट न्यूरॉलॉजिस्टना आवर्जून सांगा, कारण भेटीच्या दहा मिनिटांत ते आपणहून विचारतीलच असे नाही. थकवा हे आणखी एक कारण. या आजारातला थकवा झोप घेऊनही जात नाही आणि एक पूर्ण आंघोळ रुग्णाची दिवसभराची ताकद संपवू शकते.

२. किती स्वच्छता पुरेशी आहे ते ठरवा

आपल्याकडे रोजची आंघोळ हा धर्म मानला जातो, त्यामुळे एक दिवस चुकला तरी घरातल्यांना अपराधी वाटते. वैद्यकीयदृष्ट्या पाहिले तर आठवड्यातून दोन-तीन पूर्ण आंघोळी आणि बाकीच्या दिवशी ठरावीक भागांची स्वच्छता एवढे बहुतेक रुग्णांना पुरते. रोज काय व्हायलाच हवे ते असे : तोंड आणि दात, चेहरा, दोन्ही हात, काखा, जांघा आणि गुह्यभाग, पावले, आणि स्त्रियांच्या बाबतीत स्तनांखालची त्वचा. डोक्यावरून आंघोळ आठवड्यातून एकदा पुरे.

हा निर्णय घरातल्या सर्वांना, विशेषतः भेटायला येणाऱ्या वडीलधाऱ्यांना, शांतपणे सांगून ठेवा. "अजून आंघोळ नाही का झाली?" असे कुणी रुग्णासमोर विचारले, की त्याचा दिवसभराचा उत्साह जातो. दिवाळीत अभ्यंगस्नान पहाटेच व्हावे असा आग्रहही रुग्णापुरता सोडून द्या. दुपारी ऊन आल्यावर लावलेले उटणे त्याला जास्त सुखाचे वाटेल.

३. न्हाणीघर आधी तयार करा

रुग्णाला आत नेण्याआधी एकदा स्वतः त्या न्हाणीघरात खुर्ची ठेवून बसून पाहा. पेठांतल्या वाड्यांत आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या इमारतींत न्हाणीघर लहान, दार अरुंद आणि मध्ये उंबरा असे असते. चाकाच्या खुर्चीची रुंदी साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर असते आणि ती अशा दारातून बहुधा जात नाही. म्हणून खरेदीआधी दाराची मोकळी रुंदी टेपने मोजा; दार पूर्ण उघडल्यावर बिजागरीकडची जागा किती अडते तेही त्यात धरा. दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडेल असे सुताराकडून करून घ्या, कारण रुग्ण आत दाराला टेकून पडला तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. आतली कडी काढून टाका आणि एकांतासाठी पडदा लावा.

भिंतीत पोलादी आधारदांडे बसवून घ्या. ते भिंतीवरच्या टाइल्सना नुसते चिकटवलेले नकोत. बोल्ट थेट विटांच्या भिंतीत गेले पाहिजेत. रबरी चकतीने भिंतीला चिकटणारे दांडे पूर्ण वजन पेलतील यावर विसंबू नका. टॉवेलची दांडी आणि नळ यांना रुग्ण आधार म्हणून हात घालतो आणि ते उखडून येतात. दांडा रुग्णाच्या चांगल्या हाताच्या बाजूला हवा. ही गोष्ट गवंड्याला सांगितली नाही, तर तो त्याच्या सोयीच्या भिंतीवर बसवून मोकळा होतो.

पाण्याबाबत दोन धोके फार गंभीर आहेत. पहिला भाजण्याचा. दुबळ्या बाजूची संवेदना अनेकदा कमी झालेली असते, त्यामुळे पाणी कढत आहे हे रुग्णाला कळत नाही. अनेक सोसायट्यांमध्ये असलेल्या सोलरचे पाणी दुपारी फार तापलेले असते आणि ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते. बादलीत आधी गार पाणी घ्या, मग गरम मिसळा, कोपर बुडवून पाहा आणि शेवटी रुग्णाचा चांगला हात त्यात घालून त्याची पसंती घ्या. ३८ ते ४० अंश पुरे. लहान बाळांच्या आंघोळीसाठी मिळणारा तापमापक स्वस्तात मिळतो. चालू नळाखाली किंवा शॉवरखाली थेट बसवू नका, कारण गार-गरमचे प्रमाण मध्येच बदलते.

दुसरा धोका गॅस गीझरचा. बंद न्हाणीघरात तो चालू राहिला, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत काही कळत नाही. रुग्णाची आंघोळ आपल्यापेक्षा कितीतरी लांबते, म्हणून हा धोका इथे वाढतो. पाणी आधी भरून घ्या, गीझर बंद करा, हवा मोकळी होऊ द्या आणि मग रुग्णाला आत आणा. विजेचा गीझरही आंघोळीआधी बंद करा. पाणी तापवण्याची रॉड आणि खोली गरम करणारा हीटर न्हाणीघरात आणूच नका.

४. जमवायचे साहित्य

हे साहित्य विकत घेण्याआधी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांत चौकशी करा. पुण्यात सेवाभावी संस्था अशी केंद्रे चालवतात आणि अनामत रक्कम घेऊन कमोड खुर्ची, पलंग, वॉकर वापरायला देतात. काही महिन्यांत रुग्ण सुधारला, की यातले बरेच काही लागत नाही.

- हातांना टेकू देणारी, पाठ असलेली आणि पायांना रबरी टोप्या असलेली आंघोळीची खुर्ची, किंवा ब्रेकची चाके असलेली कमोड खुर्ची. बसल्यावर दोन्ही पावले जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत. साधे प्लास्टिकचे स्टूल किंवा चौरंग मुळीच नको.
- खाली घट्ट चिकटणारी रबरी चटई, एक आत आणि एक दाराबाहेर.
- रुग्णाच्या कमरेला बांधायचा धरण्याजोगा रुंद पट्टा. तो कसा बांधायचा हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.
- दोन बादल्या, हलका मग, लांब दांड्याचा स्पंज, हातात मोज्यासारखा घालायचा टॉवेल आणि सौम्य द्रवरूप साबण. वडी हातातून निसटते आणि तिच्यावरून पाय घसरतो.
- पंचे आणि मऊ टॉवेल भरपूर. पावसाळ्यात ते वाळत नाहीत, म्हणून नेहमीच्या दुप्पट ठेवा.
- पुढून पूर्ण उघडणारा सदरा किंवा गाऊन, इलॅस्टिकची पायजमी, मागे पट्टा असलेली रबरी चप्पल.
- हातमोजे, मऊ ब्रश, इलेक्ट्रिक ट्रिमर, नखांची कानस, जलरोधक चादर.

खुर्ची दुकानातून आणण्यापूर्वी त्यावर स्वतः बसून एका बाजूला झुकून पाहा. रुग्ण दुबळ्या बाजूला झुकतोच, आणि हलकी खुर्ची तेव्हा कलंडते.

५. वेळ आणि विचारण्याची पद्धत

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते. त्या दिवसांत आंघोळ साडेअकरा-बाराला ठेवा. जेवणानंतर किमान एक तास जाऊ द्या. नाकातल्या नळीतून आहार दिला असेल तर त्यानंतर लगेच रुग्णाला आडवे करू नका. व्यायामाची भेट आणि आंघोळ एकामागोमाग ठेवायची असेल, तर आंघोळ आधी ठेवता येते, कारण कोमट पाण्याने आखडलेले स्नायू जरा सैल होतात. पण रुग्ण थकून जात असेल तर दोन्हींत विश्रांती हवीच.

"आंघोळ करायची का?" असे विचारू नका, कारण "नाही" हे सर्वांत सोपे उत्तर असते. "चला, उठा, आंघोळ" असा हुकूमही सोडू नका. निवड करता येईल असे विचारा : "बाबा, आधी पाय धुऊ या की तोंड?", "निळा सदरा घालणार की पांढरा?" बोलता न येणाऱ्यासमोर दोन्ही सदरे धरा आणि तो कोणत्या सदऱ्याकडे पाहतो, कोणत्या सदऱ्याला हात लावतो ते पाहा. एका वेळी एकच छोटे वाक्य बोला, हाताने खूण करा आणि उत्तरासाठी शांतपणे थांबा. हे थांबणे आपल्याला फार जड जाते; मनात सावकाश दहा मोजले तर जमते.

आंघोळीला पुढच्या एखाद्या हव्याशा गोष्टीशी जोडणे हा मला सर्वांत प्रभावी वाटलेला उपाय आहे. बाबांच्या बाबतीत ती गोष्ट देवपूजा होती. आंघोळ झाली की चाकाच्या खुर्चीवरून देव्हाऱ्यापर्यंत जायचे आणि डाव्या हाताने फूल वाहायचे, हा क्रम त्यांना पटला आणि विरोध हळूहळू मावळला. कुणासाठी ते गच्चीतले ऊन असेल, कुणासाठी नातवाचा व्हिडिओ कॉल, कुणासाठी गरम चहा. मात्र ही गोष्ट अडवून धरू नका. आंघोळ झाली नाही तरी चहा मिळालाच पाहिजे.

दोनदा नकार आला तर विषय सोडून द्या आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा या. तेवढ्यानेही जमले नाही, तर त्या दिवशी रोजच्या ठरावीक भागांची स्वच्छता करून थांबा.

६. पलंगापासून खुर्चीपर्यंत

सर्व साहित्य हाताशी ठेवल्याशिवाय रुग्णाला उठवू नका. टॉवेल आणायला म्हणून तुम्ही दाराबाहेर गेलात, तेवढ्या वेळातच अपघात होतात.

आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटे बसवा, कारण आडव्याचे एकदम उभे केल्यास रक्तदाब उतरून चक्कर येते. खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी लावा आणि ब्रेक लावून हलवून पाहा. तुम्ही समोर, किंचित दुबळ्या बाजूला उभे राहा, आपल्या गुडघ्याने त्याच्या दुबळ्या गुडघ्याला टेकू द्या आणि कमरेचा पट्टा धरा. रुग्णाने पुढे वाकून चांगल्या पायावर भार देत उठायचे आणि वळून खुर्चीवर बसायचे. तुमच्या गळ्यात हात टाकू देऊ नका.

दुबळा हात धरून कधीही ओढू नका आणि काखेत हात घालून उचलू नका. पुष्कळ घरांत चांगल्या हेतूने नेमके हेच केले जाते, आणि त्यातून खांद्याचे दुखणे महिनोन्‌महिने मागे लागते. रुग्ण उभा राहूच शकत नसेल, तर एकट्याने प्रयत्न न करता दोन माणसे हवीत किंवा पलंगावरच अंग पुसावे. ससून रुग्णालयात आणि शिवाजीनगरच्या संचेती रुग्णालयात फिजिओथेरपीचे विभाग आहेत. तिथे किंवा तुमच्या नेहमीच्या फिजिओथेरपिस्टकडे जाल तेव्हा घरातल्या दोघांनी सोबत जाऊन हे उठवणे-बसवणे त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवा.

७. प्रत्यक्ष आंघोळ

कपडे काढताना आधी चांगला हात, मग दुबळा. घालताना आधी दुबळा, मग चांगला. एवढा एक क्रम घरातल्या सगळ्यांनी पाठ केला, तर निम्मी कळ वाचते.

सगळे कपडे एकदम उतरवू नका. पुरुषांच्या कमरेला पंचा आणि खांद्यांवर टॉवेल, स्त्रियांना छातीशी बांधलेला परकर, असे ठेवून त्याच्या वरूनच पाणी घाला आणि आतून हात घालून धुवा. लाज आणि थंडी दोन्ही यातून भागतात. दुबळा हात मांडीवर नीट ठेवा, लोंबकळू देऊ नका.

पाणी प्रथम पावलांवर घाला, मग पोटऱ्या, मांड्या, हात, आणि शेवटी खांदे व पाठ. डोक्यावर किंवा चेहऱ्यावर अचानक पाणी घातल्यास रुग्ण दचकतो, श्वास अडकतो आणि त्या दिवसापासून त्याला आंघोळीची धास्ती बसते. प्रत्येक तांब्याआधी "आता पाठीवर घालते" असे सांगा.

जे त्याला स्वतः करता येईल ते त्यालाच करू द्या, कितीही वेळ लागला तरी. चांगल्या हाताने छाती, पोट, मांड्या आणि दुबळा हात धुता येतो. क्रम विसरणाऱ्याच्या हातावर आपला हात ठेवून पहिल्या दोन-तीन हालचाली करून द्या. पुढे बहुधा हात आपसूक चालतो. डावी बाजू विसरणाऱ्याला "डावा हात कुठे आहे, दाखवा" असे म्हणून त्याच्याच हाताने तो शोधू द्या. गुह्यभाग धुण्यासाठी शक्य असेल तर साबण लावलेले कापड त्याच्या हाती देऊन तुम्ही पाठमोरे उभे राहा, पण हाताच्या अंतरावर. स्त्रियांनी नेहमी पुढून मागे धुवायचे असते, म्हणजे मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होण्याचा धोका कमी होतो.

काही रुग्णांना मध्येच रडू किंवा हसू फुटते आणि आवरत नाही. मेंदूच्या इजेमुळे भावनांवरचा ताबा सुटल्याने असे घडते. क्षणभर थांबा, टॉवेल गुंडाळा, दुसरे काही बोला आणि मग पुढे चला.

आंघोळीआधी तेलमालीश करण्याची आपली पद्धत चांगली आहे, परंतु हलक्या हाताने आणि पलंगावर; न्हाणीघरात तेल सांडले तर फरशी जीवघेणी होते. एक पोटरी सुजलेली, गरम किंवा दुखरी असेल तर तिला अजिबात चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

अंग पुसताना घासू नका, टिपून घ्या. काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या झाल्याच पाहिजेत, नाहीतर पावसाळ्यात तिथे हमखास बुरशी धरते. घडीत पावडरचे थर देऊ नका. ती ओली होऊन त्वचेला टोचते. याच वेळी माकडहाड, नितंब, टाचा, कोपरे नीट पाहा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढुरका होत नसेल, तर ती बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडत राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असू शकते. तिथे चोळू नका, त्या बाजूवर झोपवू नका आणि डॉक्टरांना कळवा.

८. पलंगावर अंग पुसणे

खाली जलरोधक चादर घाला, पंखा बंद करा, खिडकी लावा. एका वेळी एकच भाग उघडा करून पुसून, कोरडा करून झाकायचा. क्रम असा : डोळे नाकाकडून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला वेगळे कापड; मग चेहरा, मान, हात, छाती, पोट, पाय, पाठ, आणि सर्वांत शेवटी वेगळ्या पाण्याने व वेगळ्या कापडाने गुह्यभाग. पाणी गार झाले की बदला. कुशीवर वळवताना दुबळा हात अंगाखाली अडकत नाही ना ते पाहा.

केस धुण्यासाठी पलंगाच्या कडेला मान आणून खाली प्लास्टिकचा कागद बादलीत सोडता येतो. लांब केस सांभाळणे अवघड जाते म्हणून ते न विचारता कापून टाकण्याची घाई करू नका. सैल वेणी घातली तर केस गुंतत नाहीत, आणि स्वतःच्या केसांविषयी निर्णय घेण्याचा तिचा हक्क आजारातही तिचाच राहतो.

९. तोंड, दाढी, नखे आणि मिटलेली मूठ

आंघोळ एक दिवस टळली तर चालते, तोंडाची स्वच्छता टळता कामा नये. दुबळ्या बाजूच्या गालात अन्नाचे कण साठून राहतात आणि रुग्णाला ते जाणवत नाहीत. गिळण्याचा त्रास असेल तर तीच घाण लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. नळीने आहार घेणाऱ्याचे तोंडही म्हणूनच रोज दोनदा साफ करावे लागते. रुग्णाला ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली ठेवा, वाटाण्याएवढी पेस्ट घ्या. गिळण्याचा त्रास असलेल्याला चूळ भरायला लावू नका. ओल्या गॉजने पुसून घ्या. कवळी रात्री काढून, धुऊन पाण्यात ठेवा.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना छोट्या जखमेतूनही रक्त लवकर थांबत नाही. म्हणून दाढीला ट्रिमर वापरा आणि नखे कापण्याऐवजी कानशीने घासा.

घट्ट मिटलेल्या मुठीत घाम साचून तळवा कुजतो, नखे रुततात आणि वास येतो. बोटे जोराने उघडू नका. आधी मनगट हळूच तळव्याच्या बाजूला वाकवा. त्याने बोटांचा ताण सैल होतो, मग करंगळीकडून एकेक बोट सोडवा. कोमट पाण्यात हात थोडा वेळ ठेवला तर आणखी सोपे जाते. धुऊन पूर्ण कोरडे करा.

१०. शौच, लघवी आणि डायपर

शौचासाठी रोज एकाच वेळी, शक्यतो न्याहारीनंतर, कमोड खुर्चीवर बसवा. सवय लागली तर डायपरची गरज पुष्कळ कमी होते. डायपर असेल तर दर दोन-तीन तासांनी पाहा आणि शौच झाल्यास लगेच बदला. प्रत्येक वेळी कोमट पाण्याने स्वच्छ करून, कोरडे करून झिंक ऑक्साइडचे मलम पातळ लावा. दिवसातून थोडा वेळ डायपरशिवाय हवा लागू द्या.

लघवीची नळी असेल तर ती शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसा, ओढू नका, आणि पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला न टेकवता ठेवा. आंघोळीला नेताना पिशवी मांडीवर ठेवण्याची चूक सर्रास होते. त्यामुळे लघवी उलटी वर जाते.

११. मावशी किंवा मामा ठेवताना

रुग्णाच्या सेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोकडून माणूस घेताना आधार कार्डाची प्रत, फोटो, कायमचा पत्ता, आधीच्या दोन घरांचे फोन क्रमांक आणि पैशांची पावती घ्या, तसेच पोलिस पडताळणी करून घ्या. बारा तासांची ड्यूटी असेल तर आंघोळ घालणे, डायपर बदलणे, कपडे धुणे यांपैकी काय त्यात येते ते आधी लिहून घ्या. बहुतेक तंटे इथेच होतात.

पहिल्या काही आंघोळींच्या वेळी तुम्ही स्वतः हजर राहा. ती व्यक्ती हात धरून ओढत नाही ना, पाणी तपासते का, आणि रुग्णाशी बोलते की त्याच्या डोक्यावरून तुमच्याशी, हे पाहा. न्हाणीघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत एक कागद लावा : दुबळी बाजू कोणती, कपड्यांचा क्रम, पाण्याचे प्रमाण, "एकटे सोडू नये", डॉक्टरांचा क्रमांक. माणसे बदलत राहतात, पण हा कागद प्रत्येकाला तेच सांगतो.

१२. कधी थांबायचे

चक्कर, घाम, छातीत दुखणे, धाप, ओठ निळसर पडणे यांपैकी काहीही दिसले तर आंघोळ तिथेच थांबवा, टॉवेल गुंडाळा, चक्कर असेल तर आडवे करा, धाप लागली असेल तर टेकून बसवा, आणि डॉक्टरांना फोन करा. रुग्ण पडला तर घाईने उचलू नका; डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर वरून काही दिसत नसले तरी रुग्णालयात न्या.

चेहरा एका बाजूला नव्याने ओघळला, चांगल्या हातातली ताकद गेली, बोलणे अचानक अडखळले, तर तो दुसरा झटका असू शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, तोंडाने पाणी किंवा गोळी देऊ नका, आणि रुग्ण शेवटचा नीट केव्हा दिसला होता ती वेळ कागदावर लिहून सोबत घ्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि डॉक्टर तुम्हाला सर्वांत आधी तीच वेळ विचारतील.